टोकिओच्या क्रीडोद्यानांतील एक दिवस

सहलीची आंखणी हा विषय कोणत्याहि अभ्यासक्रमांत घातलेला नाहीं. तथापि गणित, भूगोल आणि मनुष्यस्वभाव या तिहींची परीक्षा एकाच दिवशीं कोठें होत असेल, तर ती सहलीच्या दिवशीं होते, असें आम्हांस अनुभवावरून वाटूं लागलें आहे. हा अनुभव आम्हांस आपल्या देशांत न येतां जपानांत आला. शाळेच्या सहली ठरलेल्या ठिकाणीं जातात. डबे घरचे असतात. आणि कांहीं चुकलें तर बोलणीं खाणारा शिक्षकहि ठरलेला असतो. परंतु जेथें एका दिवसासाठीं माणशीं हजारों येन मोजावे लागतात आणि त्या दिवसाचा मोठा भाग रांगेंत जातो, तेथें आंखणीची चूक फार महाग पडते. ती कशी टाळावी, आणि मुळांत आंखणी म्हणजे काय करावयाचें, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम स्थलाविषयीं थोडेंसें. थीम पार्क या नांवानें ओळखलें जाणारें उद्यान म्हणजे साधी बाग नव्हे कीं जत्राहि नव्हे. जत्रेंत पाळणा, चक्र व जादूगार हे एकमेकांचे शेजारी असतात, नातलग नसतात. थीम पार्कांत मात्र घरें, रस्ते, खाद्यगृहें, सेवकांचे पोशाख आणि खेळ या सर्वांस एकाच कल्पनेच्या सूत्रांत ओंवलेलें असतें. जपानांतील अशा उद्यानांत टोकिओ डिस्नीलँड व टोकिओ डिस्नीसी हें जोडपें विशेष प्रसिद्ध आहे. पहिलें उद्यान १५ एप्रिल १९८३ रोजीं उघडलें. अमेरिकेबाहेर निघालेलें डिस्नीचें हें पहिलेंच उद्यान होय. दुसरें ४ सप्टेंबर २००१ रोजीं उघडलें, आणि त्याचा सारा विषय समुद्र हा आहे. त्यांत आरंभीं सात बंदरें होतीं. ६ जून २०२४ रोजीं फँटसी स्प्रिंग्ज नांवाचें आठवें बंदर त्यांत आलें. नांवांत टोकिओ असलें तरी हीं दोन्ही उद्यानें टोकिओंत नाहींत. तीं शेजारच्या चिबा प्रांतांतील उरायासु या शहरीं आहेत. ओरिएंटल लँड नांवाची जपानी कंपनी अमेरिकेंतील डिस्नी कंपनीकडून परवाना घेऊन तीं चालविते.

आतां आमच्या मंडळीविषयीं. गेल्या नोव्हेंबरांत आम्हांस टोकिओस जाण्याचा योग आला. आमचा एक जुना विद्यार्थी तेथील एदोगावा वॉर्डांत निशि-कासाई या भागीं राहतो. या भागांत भारतीयांची वस्ती बरीच आहे; २०१९ साली याच वॉर्डाच्या प्रतिनिधिसभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले होते, हें आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस ठाऊक असेल. विद्यार्थ्याच्या घरीं त्या वेळीं पांच माणसें होतीं: तो स्वतः, त्याची पत्नी, दहा वर्षांची कन्या, सहा वर्षांचा पुत्र, आणि कोंकणांतून तीन आठवड्यांसाठीं आलेली त्याची आई. आजीबाईंनीं सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखरे, पुनः एवढा लांबचा प्रवास होईल याची शाश्वति नाहीं. सहावे आम्ही. डिस्नीसी उद्यानाचीं बुधवारचीं तिकिटें काढून झालीं होतीं.

आदल्या रविवारीं विद्यार्थ्यानें आमच्यापुढें एक कागद ठेविला. त्यावर सकाळीं नऊपासून रात्रीं नऊपर्यंत मिनिटांच्या हिशेबानें चौदा खेळ मांडिले होते. अक्षर सुंदर, रकाने सरळ. शाळेंत असतां तो भूमितींत नेहमीं पहिला येत असे. आम्हीं कागद वाचून त्यास विचारिलें, “यांत तुझी आई कोठें आहे?”

“सर, ती आमच्याबरोबरच असेल ना.”

“बरोबर असेल, पण बसेल कोठें?”

यावर तो गप्प राहिला. त्या कागदांत खेळ होते, वेळा होत्या, परंतु माणसें नव्हतीं.

चूक कोठें होती हें नीट समजावें म्हणून रांगेचें गणित सांगतों. उद्यान सकाळीं नऊला उघडून रात्रीं नऊला मिटतें असें धरिलें, तर दिवस ७२० मिनिटांचा झाला. त्यांतून जेवणाखाण्याचीं १०० मिनिटें वजा करावीं. एका बंदराहून दुसऱ्या बंदरास पायीं जाण्यांत १२० मिनिटें सहज जातात. हातपाय धुणें वगैरेंस ६०, आणि मुलें व वृद्ध यांच्या विसाव्यास ८० धरावीं. राहिलीं ३६०. आतां नामांकित खेळास सरासरी एक तास तिष्ठावें लागतें आणि खेळ स्वतः दहा मिनिटांत आटोपतो असें मानिलें, तर एका खेळास ७० मिनिटें झालीं. ३६० ला ७० नीं भागिलें असतां पांच येतात आणि थोडी बाकी उरते. चौदा खेळांस ९८० मिनिटें, म्हणजे सोळा तासांहून अधिक वेळ लागेल. एवढा वेळ उद्यानापाशीं नाहीं. आजीबाईंच्या गुडघ्यांपाशीं तर नाहींच नाहीं.

रांग कां वाढते हेंहि पाहावें. समजा, एक खेळ तासांत १,५०० माणसें नेतो. दार उघडतांच ३,००० माणसें त्याच खेळाकडे गेलीं, तर शेवटच्या माणसास दोन तास थांबावें लागेल, मग तो कितीहि घाईनें आलेला असो. पुढें तासांत येणारीं माणसें तासांत जाणाऱ्या माणसांहून अधिक असतील तोंवर रांग वाढतच राहते. येणाऱ्यांचा ओघ ओसरला म्हणजेच ती आखडूं लागते. म्हणून सकाळचा पहिला अर्धा तास व रात्रींचा शेवटचा तास हे दिवसाचे सर्वांत मोलाचे भाग होत. दारें कित्येकदां ठरलेल्या वेळेपूर्वींच उघडतात. यास्तव तासभर आधीं दारांत जाऊन उभा राहणारा मनुष्य वेडा नसून हिशेबी असतो.

दिवस कोणता निवडावा? जपानांत शाळेचें वर्ष एप्रिलांत सुरू होऊन मार्चांत संपतें. म्हणून मार्चच्या उत्तरार्धांतील सुटी, एप्रिलअखेर व मेच्या आरंभीं येणारा सुट्यांचा सुवर्णसप्ताह, जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टभर चालणारी उन्हाळ्याची सुटी आणि नववर्षाचे दिवस हे टाळावे. शनिवार-रविवार टाळावे हें निराळें सांगावयास नकोच. परंतु परक्या माणसाच्या ध्यानांत न येणारे आणखी दोन दिवस आहेत: १५ जून हा चिबा प्रांताचा दिन, आणि १ ऑक्टोबर हा टोकिओच्या नागरिकांचा दिन. त्या दिवशीं तेथील सरकारी शाळा बंद असतात व कचेऱ्या मात्र चालू असतात. दिनदर्शिकेंत तो साधा वार दिसतो, आणि उद्यानाच्या दारांत पाहावें तों शाळाच्या शाळा उभ्या!

तिकिटाचा दरहि याच धोरणानें ठरतो. मार्च २०२१ पासून दिवसागणिक दर निरनिराळे झाले. ऑक्टोबर २०२३ मध्यें अमलांत आलेल्या दरांप्रमाणें प्रौढास एका दिवसाचे ७,९०० ते १०,९०० येन, बारा ते सतरा वर्षांच्या मुलांस ६,६०० ते ९,००० येन, आणि चार ते अकरा वर्षांच्या मुलांस ४,७०० ते ५,६०० येन पडूं लागले; त्याहून लहान बालकांस तिकीट नाहीं. ज्या दिवशीं दर कमी, त्या दिवशीं चालकांचा गर्दीचा अंदाजहि कमी. म्हणजे दरपत्रक हेंच गर्दीचें पंचांग होय, आणि तें वाचावयास पैसे पडत नाहींत. तिकिटावर तारीख असते; यास्तव तें अगोदर काढून ठेवावें, आयत्या वेळीं दारांत मिळेल या भरंवशावर जाऊं नये. दर वेळोवेळीं बदलतात, म्हणून निघण्यापूर्वीं ते पुनः पाहून घ्यावे.

रांग टाळण्याचा आणखी एक मार्ग अलीकडे निघाला आहे. मे २०२२ पासून ठराविक खेळांस माणशीं १,५०० ते २,५०० येन अधिक भरिले असतां नेमलेल्या वेळीं वेगळ्या दारानें आंत जातां येऊं लागलें. या सोयीस प्रीमियर ॲक्सेस म्हणतात. जुलै २०२३ मध्यें, डिस्नीलँडास चाळीस वर्षें झाल्यानिमित्त, अशाच धर्तीचा एक विनामूल्य पासहि कांहीं खेळांपुरता सुरू झाला. हे सर्व व्यवहार मोबाइलवरील उद्यानाच्या ॲपमधून होतात. तिकीट, नकाशा, रांगांच्या वेळा, जेवणाची मागणी हीं सर्व त्यांतच असल्यामुळें मोबाइलची बॅटरी संपली कीं मनुष्य आंधळा होतो. म्हणून ती भरण्याचें साधन जवळ असावें.

या पैशाच्या सोयीचें खरें स्वरूप मात्र समजून घ्यावें. पैसे भरल्यानें खेळांत एकहि आसन वाढत नाहीं. तासाच्या त्याच १,५०० आसनांपैकीं कांहीं आसनें पैसे देणारांकडे जातात, आणि तेवढ्या प्रमाणांत साधी रांग हळू सरकते. आपण विकत घेतों तो वेळ नवा निर्माण झालेला नसतो. तो दुसऱ्या कोणाचा तरी असतो. म्हणून तो मुळींच घेऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. आजीबाईंसाठीं आम्हीं तो एका खेळापुरता घेतला. परंतु घेणारास तें ठाऊक असावें.

असो. त्या रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं दुसरा कागद घेतला आणि नियम एकच केला: प्रत्येकानें आपली एकच इच्छा सांगावी, सहा माणसांच्या सहा इच्छा हीच दिवसाची आंखणी, त्यापलीकडे जें मिळेल तो लाभ. आजीबाई म्हणाल्या, “मला नावेंत बसवा म्हणजे झालें.” कन्येनें फ्रोझन चित्रपटांतील हिमराणी एल्साची सफर मागितली. विद्यार्थ्यास ज्वालामुखीच्या पोटांतून जाणारी भूगर्भाची सफर हवी होती. ती ज्यूल व्हर्नच्या कादंबरीवरून केलेली आहे, आणि भा. रा. भागवतांनीं मराठींत आणिलेल्या व्हर्नच्या कथा त्यानें शाळेच्या ग्रंथालयांतून नेऊन वाचिल्या होत्या. आम्हांस त्याच व्हर्नची नॉटिलस पाणबुडी पाहावयाची होती. सूनबाईंनीं सर्वांच्या मागून सांगितलें कीं रात्रीं बंदराच्या पाण्यावर दिव्यांचा व कारंज्यांचा जो खेळ होतो, तो पाहावा. धाकट्यानें बापाप्रमाणें ज्वालामुखीच मागितला.

येथें अडचण आली. वेगाच्या खेळांस उंचीची मर्यादा असते. भूगर्भाची सफर, इंडियाना जोन्सचें मंदिर आणि रेजिंग स्पिरिट्स यांस किमान ११७ सेंटिमीटर उंची लागते. सोअरिंग व टॉवर ऑफ टेरर यांस १०२ पुरते. रेजिंग स्पिरिट्स या खेळास तर वरचीहि मर्यादा आहे, ती १९५ सेंटिमीटरांची. धाकट्यास दाराच्या चौकटीपाशीं उभें करून मोजलें, ११३ भरला. त्या रात्रीं तो फार रडला. परंतु तें रडणें घरीं, आजीच्या मांडीवर झालें. ज्वालामुखीच्या दाराशीं, अनोळखी लोकांदेखत, उंचीच्या पट्टीपाशीं झालें नाहीं. आंखणीचा हा एक मोठा उपयोग आहे: जी निराशा टळत नाहीं ती योग्य जागीं भोगून घेतां येते. डोळे पुसल्यावर त्यास दुसरी इच्छा विचारिली. नकाशावर बोट ठेवून तो म्हणाला, “हा किल्ला.”

बुधवारीं सात वाजण्यापूर्वीं निघालों. बसनें कासाई-रिन्काई पार्क स्थानकावर आणि तेथून आगगाडीनें एकच स्थानक, माइहामा. या एका स्थानकाच्या अंतरांत जुनी एदो नदी लागते. टोकिओ व चिबा यांची सीमा तीच. माइहामाहून मोनोरेल, म्हणजे एकाच रुळावरून चालणारी गाडी, उद्यानांभोंवतीं एकाच दिशेनें फिरते. तिच्या खिडक्या मिकी उंदराच्या डोक्याच्या आकाराच्या आहेत. नातवंडें खिडक्यांकडे पाहत होतीं, आजीबाई खिडक्यांतून बाहेर पाहत होत्या. हॉटेलांच्या मधून टोकिओचा उपसागर दिसला तेव्हां त्या मुलास म्हणाल्या, “अरे, इथें आधीं कोळी असतील. ते कुठें गेले?”

हा प्रश्न आम्हांस सुचला नव्हता. त्याचें उत्तर असें आहे. उरायासु हें खरोखरच कोळ्यांचें गांव होतें. उथळ समुद्रांत शिंपले वेंचणें व नोरी नांवाचें समुद्रशेवाळ पिकविणें हा तेथील मुख्य धंदा. १९५८ साली नदीकांठच्या एका कागदाच्या कारखान्यांतून काळें पाणी वाहत येऊन मासे व शिंपले मेले. कोळी कारखान्यावर चालून गेले, पोलिसांशीं झटापट झाली, आणि त्याच वर्षीं पाण्याचें प्रदूषण रोखणारे पहिले कायदे जपानच्या संसदेनें केले. तरी समुद्र पूर्ववत् झाला नाहीं. १९६२ मध्यें कोळ्यांनीं मासेमारीचे कांहीं हक्क सोडिले व १९७१ मध्यें उरलेले सर्व सोडिले. त्याच काळांत समुद्रांत भराव पडत गेला आणि गांवाचें क्षेत्रफळ सुमारें चौपट झालें. ओरिएंटल लँड कंपनी १९६० साली स्थापन झाली ती हा भराव घालून नव्या जमिनीचा उपयोग करण्याकरितां. मुंबईच्या वाचकांस ही कथा परकी वाटूं नये. तेथेंहि समुद्र हटवून शहर वाढलें आहे, आणि तेथेंहि कोळीवाडे आहेत. उरायासुच्या संग्रहालयांत त्या कोळ्यांच्या नावा आज जपून ठेविलेल्या आहेत. समुद्राच्या नांवाचें हें उद्यान खऱ्या समुद्राच्या जागीं उभें आहे, हें कोंकणच्या बाईंनीं एका दृष्टिक्षेपांत ओळखिलें.

दारांत पोंचलों तेव्हां आठ वाजावयाचे होते. दार उघडतांच आम्हीं मंडळीचे दोन भाग केले. सहाहि जणांनीं सर्वत्र एकत्र हिंडण्याचा हट्ट धरिला असता तर प्रत्येक रांग आजीबाईंसहि भोगावी लागली असती. विद्यार्थी, कन्या व आम्ही आठव्या बंदराकडे निघालों. आंत धांवण्यास मनाई आहे, आणि लोक खरोखरच धांवत नाहींत. मात्र इतक्या भरभर चालतात कीं आमचें चालणें त्यांपुढें उभें राहिल्यासारखें दिसत होतें. एल्साच्या रांगेंत सव्वा तास गेला. पुढें शाळेच्या गणवेषांतील मुली शब्दांच्या वह्या घेऊन पाठ करीत उभ्या होत्या. कोणी कोणास लोटीत नव्हतें. कन्या त्या सफरींतून बाहेर आली तेव्हां तिचें वर्ष सार्थकीं लागलें होतें.

इकडे आजीबाई, सूनबाई व धाकटा किल्ल्यावर होते. या किल्ल्यांत रांग नाहीं, वेळ नाहीं. तोफा आहेत, जिने आहेत, धक्क्यास लागलेलें गलबत आहे. नुकतीच दिवाळी झाली होती, आणि निशि-कासाईच्या गॅलरींत त्या मुलानें रिकाम्या खोक्यांचा किल्ला केला होता. आतां खऱ्या जिन्यांचा किल्ला सांपडल्यावर त्याचें ज्वालामुखीचें दुःख दुपारपर्यंत तरी मिटलें. आजीबाई बाकावर बसून त्यास वर-खालीं जातांना पाहत होत्या.

तेथून सर्वजण बोटीनें पलीकडे गेलों. ही बोट पायांचें काम वांचविते व तीच एक सफरहि होते. वृद्धांच्या मंडळींत अशीं साधनें खेळांहून मोलाचीं. मग अरबी किनाऱ्यावर सिंदबादच्या नावेंत बसलों. रांग दहा मिनिटांचीहि नव्हती. अंधारांतून नाव हळूहळू पुढें जाते आणि दोन्ही कांठांवर असंख्य यांत्रिक बाहुल्या हलतात व गातात: रुख पक्षी, राक्षस, वानरें, देवमासा. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं आरंभिलेल्या अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टींमुळें सिंदबाद मराठी घरांस परका नाहीं. आजीबाईंस तो त्यांच्या वडिलांनीं सांगितला होता. येथील सिंदबादाबरोबर वाघाचा एक बछडा असतो, आणि त्या बछड्याचें नांव चंदू! तें कळल्यावर आजीबाई पुनः एकदां नावेंत बसल्या. सर्वांत कमी गर्दीच्या या खेळानें त्या दिवशीं सर्वांत अधिक आनंद दिला, हें आंखणी करणारांनीं ध्यानांत ठेवावें.

जेवणाची व्यवस्थाहि आधींच ठरविली होती. बाहेरचें जेवण उद्यानांत नेतां येत नाहीं. परंतु दाराबाहेर डबा खाण्यास जागा राखलेली आहे, आणि हातावर शिक्का घेऊन बाहेर गेल्यास परत येतां येतें. तो शिक्का साध्या उजेडांत दिसत नाहीं, ठराविक दिव्याखालींच दिसतो. धाकट्यास या शिक्क्याचें कौतुक खेळांहून अधिक वाटलें. आजीबाई माळकरी असल्यामुळें त्यांस आंतील बरेचसें चाललें नसतें. सूनबाईंनीं पहाटे चारला उठून पोळ्या व बटाट्याची भाजी केली होती.

दुपारीं सोअरिंग या खेळाची आमची विकत घेतलेली वेळ झाली. यांत आसनें उचललीं जाऊन समोरच्या प्रचंड पडद्यावरून आपण जगभर उडत आहों असा भास होतो. पर्वत, हिमप्रदेश, चीनची भिंत हीं गेलीं आणि एकाएकीं ताजमहाल आला. “आग्ऱ्याला जायचें राहूनच गेलें होतें,” आजीबाई बाहेर आल्यावर म्हणाल्या.

त्यानंतर गूढ बेटावर नॉटिलस पाहिली. तिचा कॅप्टन नेमो हा कोण होता हें व्हर्ननें १८७५ साली पुऱ्या झालेल्या कादंबरींत उघड केलें आहे: तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर. धाकट्यास हें सांगितलें तेव्हां, कप्तान आपल्याकडचा असून आपल्यास ज्वालामुखींत कां घेत नाहींत, असा त्यानें बिनतोड प्रश्न केला. विद्यार्थी व कन्या भूगर्भांत जाऊन आलीं. ज्यांच्याबरोबर लहान मूल आहे अशा दोन प्रौढांपैकीं एकानें आधीं जावें, दुसऱ्यानें मुलापाशीं थांबावें, आणि मग पुनः रांग न धरतां अदलाबदल करावी, अशी सोय तेथें आहे. तिची चौकशी दाराशींच करावी. आम्ही बाकीचे जलपरीच्या बंदिस्त दालनांत बसून होतों. पाऊस, वारा व थकवा या तिहींवर असें छपराखालील ठिकाण आधींच हेरून ठेवावें.

नोव्हेंबरांत टोकिओचा सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. दिवे लागले, बंदर फार सुंदर दिसूं लागलें. परंतु समुद्राकडून वारा सुटला, आणि रात्रींचा खेळ वाऱ्यामुळें होणार नाहीं असें जाहीर झालें. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. डब्यांची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

त्या वेळीं आमची चूक आमच्या ध्यानांत आली. धाकट्याची इच्छा पुरी होण्यासारखी नाहीं असें दिसतांच आम्हीं त्यास दुसरी विचारिली. सूनबाईंची इच्छा वाऱ्यावर अवलंबून आहे हें ठाऊक असून त्यांस दुसरी विचारली नाहीं. या खाडीवर जोराच्या वाऱ्यांत असे खेळ रद्द होतात, हें ॲपमध्यें वाचलेलें होतें. ‘यांत तुझी आई कोठें आहे’ असें मोठ्या ऐटीनें विचारणाऱ्या शिक्षकास, जिनें पहाटे पोळ्या लाटल्या ती यांत कोठें आहे, हें विचारणें सुचलें नाहीं. आजीबाईंस मात्र सुचलें. त्या मुलास म्हणाल्या, “पुढच्या वेळेला पहिली इच्छा हिची. मी असेन नसेन, पण पहिली हिची.”

परततांना विद्यार्थ्यानें ११ मार्च २०११ ची हकीकत सांगितली. दुपारीं पावणेतीनच्या सुमारास मोठा भूकंप झाला तेव्हां दोन्ही उद्यानांत मिळून सुमारें ७०,००० माणसें होतीं. सेवकांनीं दुकानांतील कापडी बाहुलीं उचलून, डोक्यावर धरावयास, लोकांच्या हातीं दिलीं. आगगाड्या बंद पडल्यामुळें सुमारें २०,००० लोक रात्रभर तेथेंच राहिले, व त्यांस खाणें आणि पांघरावयास मिळेल तें देण्यांत आलें. उरायासुच्या भराव घातलेल्या पुष्कळ भागांत जमिनींतून चिखलपाणी वर आलें. उद्यानाची जमीन मात्र बांधतांनाच दाबून घट्ट केलेली असल्यामुळें तेथें हानि थोडी झाली. डिस्नीलँड १५ एप्रिल रोजीं व डिस्नीसी २८ एप्रिल रोजीं पुनः उघडलें. विकावयाचें बाहुलें प्रसंगीं शिरस्त्राण म्हणून द्यावें, हें ज्यांस त्या क्षणीं सुचलें त्यांनीं आंखणी खरी शिकलेली होती. खेळ केव्हां चालू करावयाचा हें सर्वांस ठाऊक असतें. तो बंद पडला म्हणजे आपल्या दारांतील माणसाचें काय, याचा विचार आधीं केलेला असावा लागतो.

तात्पर्य, विद्यार्थी मित्रांनो, पुढें तुमच्यापैकीं कोणी त्या उद्यानांत गेला, किंवा आपल्या आईवडिलांस घेऊन येथल्या येथें एखाद्या दिवसाच्या सहलीस निघाला, तर वेळांचे रकाने आंखण्यापूर्वीं कागदावर माणसांचीं नांवें लिहावीं. प्रत्येक नांवापुढें एक इच्छा लिहावी. जी इच्छा उंची, वारा किंवा पाऊस यांच्या हातीं आहे, तिच्यापुढें दुसरीहि लिहावी. जो सर्वांत हळू चालतो त्याच्या पावलानें अंतरें मोजावीं. आणि डबा कोण करणार आहे हें ठरलें म्हणजे, त्या माणसाचें नांव सर्वांच्या आधीं घालावें.